सहा सेंटिमीटर

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटे. दात घासत होतो.

निर्णय झाला. आईला मावशीकडे मी बोटीने नेणार.

कारणे क्रमाने लिहून ठेवतो. एक, मावशीची नजर चालली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. पुढे फक्त उजेड आणि अंधार कळेल. दोन, आईला बस लागते. साधी लागत नाही. अकरा वर्षांपूर्वी मावशीकडे निघाली होती, ती तिसऱ्या थांब्यावर उतरून चालत घरी आली. तेव्हापासून दोघी बहिणी फोनवरच भेटतात. तीन, आमचे घर कालव्याच्या काठी आहे, मावशीचेही त्याच कालव्याच्या काठी. मध्ये फक्त २८६ किलोमीटर पाणी. चार, बाबा गेल्यापासून त्यांची बोट धक्क्याला नुसती बांधून आहे.

काल रात्री फोन ठेवल्यावर आई म्हणाली, मला तिला बघायचं नाहीये रे, तिनं मला बघायला हवं. यावर मी रात्रभर विचार केला. (१०.४० ते ११.१५.)

वेग ताशी सहा किलोमीटर. रोज आठ तास. वाटेत चौदा लॉक. लॉक म्हणजे कालव्याची पायरी: दोन दारांमध्ये बोट कोंडतात, पाणी चढवतात किंवा उतरवतात आणि पुढे सोडतात. लहानपणी बाबांनी दाखवले होते. मी डोळे मिटून घेतले होते, पण आवाजावरून पुष्कळ समजले. एकूण आठ दिवस.

निघायची तारीख १ ऑक्टोबर. बदल होणार नाही.

३ सप्टेंबर

राजीनामा दिला. गोदामाच्या वजनकाट्यावर सहा वर्षे कारकुनी केली. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. माणसाने आयुष्यभर वजाबाकी करू नये.

पत्राचे सात मसुदे झाले. मोठ्या साहेबांनी सातवा वाचला. म्हणाले, पत्र झकास आहे, एक चूक नाही, पण तुला पोहता येतं का रे? मी म्हणालो, प्रवास पाण्यावरून आहे, पाण्यातून नाही. साहेब इतके हसले की टेबलावरचा पेपरवेट सरकला. म्हणाले, दोन महिने खुर्ची रिकामी ठेवतो. ठेवोत बापडे.

पोहणे शिकायचे. रोज अर्धा तास. उद्यापासून.

८ सप्टेंबर

काठाकाठाने चालत पहिल्या लॉकपर्यंत गेलो. धक्क्यापासून ४०० मीटरवर पहिला पूल, १,२५० मीटरवर दुसरा, त्याच्या लगेच पलीकडे लॉक. (पावले मोजून. परत येताना पुन्हा मोजली. नऊ पावलांचा फरक आला, तो कुत्र्यामुळे.)

लॉकच्या भिंतीवर कालवा खात्याची नोटीस आहे. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहापासून दुरुस्तीसाठी कालवा रिकामा करणार, फेब्रुवारीत परत भरणार. म्हणजे आमच्याकडे हवा तेवढा वेळ आहे. नोटिशीत दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकले आहे, एक दुसऱ्या ओळीत आणि एक कलम चारमध्ये. लॉकच्या गेटवाल्याला दोन्ही चुका दाखवल्या. तो दोरखंड गुंडाळत म्हणाला, चूक राहू द्या हो, मजकूर वाचलात का? मी म्हणालो, वाचल्याशिवाय चूक सापडते का?

अशी माणसे सरकारी जागेवर बसतात आणि आमच्यासारखी नववीत शाळा सोडतात.

१० सप्टेंबर

बोटीची तपासणी. लांबी बारा मीटर, रुंदी अडीच. केबिन बाबांनी स्वतः बांधलेली. छप्पर त्यांच्या डोक्यापेक्षा एक इंच उंच. मला वाकून राहावे लागते. आठ दिवसांचा तर प्रश्न.

तळाच्या फळ्या उचलल्या तर खाली दगड. घडीव, चौकोनी, एकसारखे, नीट रचलेले. चौसष्ट! बाबांचा हा एक दोष होता, काही म्हणून टाकून देत नसत. एवढे ओझे ओढत हा माणूस वीस वर्षे विटा आणि वाळू वाहत राहिला. बोट हलकी तर डिझेल कमी, डिझेल कमी तर खर्च कमी. शाळेत न जाताही समजण्यासारखी गोष्ट आहे.

हातगाडी लावून सगळे दगड काढले. जाता जाता वजनकाट्यावर घातले, सवय जात नाही. ३,१२० किलो. बोट लगेच बूच वर यावे तशी वर आली. पाहून ऊर भरून आला.

आई धक्क्यावर उभी होती. म्हणाली, त्यांनी काहीतरी म्हणूनच ठेवले असतील ना रे. मी तिला वजन आणि इंधन यांचा संबंध वीस मिनिटे समजावला. ती म्हणाली, बरं. आईचे 'बरं' म्हणजे पटले असे नसते, पण नोंद 'पटले' अशीच करतो.

१२ सप्टेंबर

शेजारच्या लाँड्रीवाल्या काकांनी दगड नेले. त्यांच्या मागच्या अंगणात चिखल होतो, तिथे बसवणार आहेत. मोबदला म्हणून केबिनचे पडदे आयुष्यभर फुकट धुऊन देणार. व्यवहार कसा करावा हे कोणीतरी माझ्याकडून शिकावे.

संध्याकाळी बाबांची वही वाचली. ४१२ फेऱ्या. प्रत्येक फेरीपुढे 'भार' असा रकाना आणि तो एकदाही मोकळा नाही. जाताना विटा, येताना वाळू, काहीच नसेल तेव्हा 'फक्त दगड'. म्हणजे रिकामी बोट एकदाही नेली नाही. केवढी ही कष्टांची हौस! बिचारे. मी मात्र हलका प्रवास करणार.

१७ सप्टेंबर

बोटीचा लाल रंग फार भडक होता. राखाडी दिला. दोन हात. आता बोट एखाद्या खात्याची वाटते.

पोहणे: सुरुवात झाली. पलंगावर पालथे पडून हातांची हालचाल. श्वासाला अजिबात त्रास होत नाही.

२४ सप्टेंबर

मेकॅनिकने इंजिन चालू करून दिले. म्हणाला, इंजिन तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे, उगाच सारखं बंद-चालू करू नका. मी अकरा वेळा बंद-चालू केले. खात्री असलेली बरी.

आई रोज दुपारी दोनला भाजी आणते म्हणून जाते आणि रिकाम्या हाताने परत येते. चेहरा पांढराफटक. आज विचारले तर म्हणाली, भाजी चांगली नव्हती. वय होते आहे. प्रवासाची हवा तिला मानवेल.

२८ सप्टेंबर

मावशीचा फोन. आवाज खणखणीत. म्हणाली, अरे, मी आत्तापासून रोज संध्याकाळी पायरीवर येऊन बसते. बोट लालच आहे ना अजून तुझ्या बाबाची? बाकी सगळं धुरकट दिसतं बघ, पण लाल मला लांबून दिसतं.

मी म्हणालो, हो तर.

२९ सप्टेंबर

लाल रंग आणला. राखाडीवर एक हात बसेना. तीन हात द्यावे लागतील.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ७.

आज निघण्याचा दिवस. रंग ओला असल्यामुळे निघता आले नाही. शेजारीपाजारी निरोप द्यायला आले होते. लाँड्रीवाल्या काकांचा हात रंगाला लागला. काका म्हणाले, निघालास म्हणून निरोप द्यायला आलो आणि तूच मला रंग लावलास! सगळे हसले. मीही हसलो, कारण चांगल्या प्रवासाची सुरुवात हसत व्हावी.

आईने ट्रंक बोटीत ठेवली होती ती परत घरी नेली. सुधारित तारीख ६ ऑक्टोबर. ही मात्र अंतिम.

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.४०.

निघालो!!

(दोन उद्गारचिन्हे शुद्धलेखनात बसत नाहीत, पण असू देत.)

आई केबिनमध्ये ट्रंकेवर, मी सुकाणूवर, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट. धक्क्यावर चौदा माणसे. पाणी संथ. चार मिनिटांनी पहिला पूल.

७.४४. धडक. मोठी नव्हे, पण आवाज मोठा झाला. केबिनचे छप्पर पुलाच्या तुळईला लागले. मागे येऊन पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा लागले. जरा हळू केले, हळू लागले. आई आतून म्हणाली, दार वाजवतोयस का पुलाचं?

फूटपट्टीने मोजले. छप्पर सहा सेंटिमीटर जास्त. पूल खचला असावा. कालवा खात्याकडे तक्रार करणार.

मुक्काम: घरी.

७ ऑक्टोबर

गेटवाला स्वतः पूल बघायला आला. बोटीकडे एकदा बघितले, पाण्याकडे एकदा, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ. म्हणाला, दगड कुठे गेले?

मग त्याने जे सांगितले ते लिहायला हाताला वेळ लागतो आहे. बोट जड असली की पाण्यात खाली बसते. खाली बसली की छप्पर पुलाखालून जाते. बाबा त्या दगडांच्या जोरावरच वीस वर्षे पुलांखालून गेले. गेटवाला म्हणाला, अहो, तुम्ही वजनकाट्यावर होता ना?

मी म्हणालो, मला याची कल्पना होती, फक्त आकडा नक्की करायचा होता.

रात्री वहीतली 'फक्त दगड' ही नोंद पुन्हा वाचली. वही मिटली.

८ ऑक्टोबर

लाँड्रीवाल्या काकांकडे गेलो. चौसष्टच्या चौसष्ट दगड अंगणात सिमेंटने पक्के. वर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. काका म्हणाले, खुशाल उचकट की, तुझ्याच बापाचे दगड आहेत, पण मग चिखलात पडलेल्या चादरी तू धू. अंगणात दीडशे चादरी होत्या. मोजल्या.

मेकॅनिक म्हणाला, सोपं आहे, छप्पर कापा. कापून सहा सेंटिमीटर काय, फूटभर कमी होईल. मी करवतीला हात लावू दिला नाही. ते छप्पर बाबांच्या मापाचे आहे.

हिशेब केला. बोट एक सेंटिमीटर खाली जायला २५० किलो लागतात, म्हणजे सहाला १,५०० किलो. वाळू विकत घेणे परवडत नाही. पण वजन म्हणजे वाळूच कशाला हवी? साठ किलोची पंचवीस माणसे म्हणजे दीड टन. आणि माणसे स्वतःच चालत येतात, हातगाडी लागत नाही.

मी स्वतःवर खूश आहे. घोडे अडले की माणसाची अक्कल कळते.

१५ ऑक्टोबर

माणसे जमवायला आठवडा गेला. प्रत्येकाला वजन विचारावे लागते आणि प्रत्येक जण खोटे सांगतो. शेवटी मोठ्या साहेबांना विनंती केली आणि सगळ्यांना वजनकाट्यावर, ट्रक उभा करतात तिथे उभे केले. काका आणि त्यांचे चार इस्त्रीवाले, मेकॅनिक, डेअरीवाला, तीन ट्रक ड्रायव्हर, शेजारच्या आळीतली माणसे. चोवीस जणांचे १,४८० किलो. वीस किलो कमी! एका ड्रायव्हरने खिशात लोखंडी पाने भरून घेऊ का विचारले. तेवढ्यात साहेब स्वतः काट्यावर चढले. काटा १,५८४ वर थांबला. टाळ्या. साहेब म्हणाले, तुझ्या राजीनाम्यानंतर या काट्यावर इतकं मनापासून काम झालेलं नाही.

पंचवीस जणांचे चहा-बिस्किट मी दिले.

मावशीचा फोन. कुठवर आलात? मी म्हणालो, पुलाशी आहोत. म्हणाली, छान छान, मी बसलेय पायरीवर. आई फोन घ्यायला घरात नव्हती. भाजीला गेली होती. आता सकाळीही जाते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी १०.

इतिहास.

पंचवीस माणसे बोटीत उकिडवी बसली. बोट खाली गेली, खाली गेली आणि पुलाखालून गेली. छप्पर आणि तुळई यांमध्ये तीन मिलिमीटर जागा होती. त्या तीन मिलिमीटरमधून जाताना एकही माणूस श्वास घेत नव्हता. श्वास घेतल्याने वजन बदलत नाही हे मला माहीत होते, पण मी सांगितले नाही.

पलीकडे बोट काठाला लावली, सर्वांना उतरवले, छोटे भाषण केले. आपण आता मोकळे आहात असे म्हणालो. साहेब जाता जाता म्हणाले, आणि पुढच्या पुलाचं काय? मी म्हणालो, पहिलाच पूल अवघड असतो, पुढचे आपोआप होतात. साहेब चहा प्यायला गेले.

१०.५०. दुसरा पूल. सहा सेंटिमीटर.

१७ ऑक्टोबर

गेटवाला म्हणतो, कालव्यावरचे एकोणीसच्या एकोणीस पूल एकाच साच्यातले आहेत. हे आधी सांगायचे नाही का?

बोट आता दोन पुलांच्या मध्ये आहे. पुढे जाता येत नाही, मागेही जाता येत नाही. प्रवासाच्या दृष्टीने मात्र आपण निघालेलो आहोत ही गोष्ट कोणीही नाकारू शकत नाही. आई रोज सकाळी चालत बोटीवर येते आणि रात्री झोपायला घरी जाते. दुसऱ्या पुलावर बसथांबा आहे, तिथपर्यंत रस्ता चांगला आहे.

पंचवीस जणांना आठ दिवसांच्या विनामूल्य जलप्रवासाचे निमंत्रण द्यावे असा विचार केला. पत्राचा मसुदाही केला. आई म्हणाली, पंचवीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक कोण करणार? मी म्हणालो, आपण बघू. ती म्हणाली, आपण म्हणजे मी ना? मसुदा वहीत ठेवला आहे. काकांनी तेवढा होकार दिला, पण इस्त्री बरोबर आणू का विचारत होते.

१९ ऑक्टोबर

उपाय सापडला, आणि तो डोळ्यांसमोर होता. पाणी! दोनशे लिटरचा ड्रम भरला की दोनशे किलो. आठ ड्रम म्हणजे १,६०० किलो. कालव्यात पाण्याला काय तोटा?

(गेटवाल्याने हे सात तारखेलाच सुचवले होते असे तो म्हणतो. मला तसे आठवत नाही.)

डेअरीवाल्याने आठ जुने ड्रम दिले. उद्या पहाटे पाचपासून भरणे.

२० ऑक्टोबर

पहाटे सव्वानऊला सुरुवात.

डाव्या बाजूला आईची खाट असल्यामुळे ड्रम उजव्या बाजूला लावले. बादलीने भरत गेलो. पाचव्या ड्रमला बोट उजवीकडे कलली. सहाव्याला छपराचा डावा कोपरा होता त्याहून चार सेंटिमीटर वर गेला. सातव्याला आईची ट्रंक सावकाश, अगदी सभ्यपणे, दारापर्यंत सरकली आणि पाण्यात गेली. तिच्यामागे एक ड्रम.

ट्रंक तरंगली. काठीने काढली. ड्रम बुडाला.

आईने ट्रंक उघडून एकेक कपडा पिळला आणि काठावरच्या झुडपांवर वाळत घातला. रागावली नाही. हीच गोष्ट मला जास्त लागली. फक्त म्हणाली, तू पोहायला शिकत होतास ना?

मी म्हणालो, सिद्धान्त पूर्ण झाला आहे.

वाळत घातलेल्या कपड्यांत एक नवी लाल शाल दिसली. कुठून आली विचारले तर म्हणाली, भाजीला गेले होते तेव्हा घेतली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.

आज जे झाले ते नीट लिहिले पाहिजे. सात ड्रम, चार आणि तीन, दोन्ही बाजूंना वाटून, उरलेली कसर भरून काढायला माझी पुस्तके, डिझेलचे डबे आणि आईची खाट. पाण्याची पातळी बाहेरून चारही कोपऱ्यांवर मोजली. बोट सहा सेंटिमीटर चार मिलिमीटर खाली आणि अगदी सरळ. गालिच्यावर पेला ठेवावा तशी.

गेली सहा वर्षे माझ्या हातून इतके अचूक काम झालेले नाही. आईला बोलावून दाखवले. तिने छपराला हात लावून बघितला आणि म्हणाली, त्यांच्यासारखं झालंय. मला केबिनच्या मागे जाऊन जरा वेळ उभे राहावे लागले.

उद्या सकाळी आठला निघणार. ३१ पर्यंत सात दिवस आहेत. रोज एक तास जास्त चालवले की झाले. आता फक्त गेटवाल्याला कळवून येतो, म्हणजे सकाळी गेट उघडे ठेवील.

त्याच दिवशी, ६.३०.

गेटवाला म्हणाला, कुठे निघालात?

त्याने मला हाताला धरून भिंतीजवळ नेले. नोटीस. कलम चार: २० ऑक्टोबरनंतर कोणतीही बोट लॉकमध्ये घेतली जाणार नाही, कारण तेव्हापासून वरच्या बाजूचे दरवाजे एकेक करून दुरुस्तीसाठी काढले जातील.

गेटवाला म्हणाला, साहेब, हे कलम तर तुम्हीच मला दाखवलं होतंत.

दाखवले होते. वेलांटी अजून चुकलेलीच आहे.

२५ ऑक्टोबर

कालवा खात्याला 'विशेष बाब' म्हणून अर्ज. मावशीच्या नजरेची हकीकत सविस्तर लिहिली. चार मसुदे.

२७ ऑक्टोबर

अर्जाचे उत्तर आले, एवढ्या लवकर येईल असे वाटले नव्हते. 'आपला अर्ज सुवाच्य आहे. पुढील हंगामात विचार करता येईल.' पुढील हंगाम म्हणजे फेब्रुवारी.

मावशीचा फोन येणार म्हणून मी घरी गेलोच नाही. वाजत राहिला. आईने घेतला. मी बोटीवर होतो तरी इथपर्यंत ऐकू आले असे मला वाटत राहिले, घर सव्वा किलोमीटर लांब असूनही.

फेब्रुवारीचे वेळापत्रक तयार करायला घेतले आहे. दगड परत मिळवण्याचे तीन मार्ग. हातात काम असले की बरे असते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ६.४५.

मी ड्रमची पातळी मोजत होतो. आई पुलावर थांब्याशी उभी दिसली. ट्रंक नाही, एक पिशवी. खांद्यावर ती लाल शाल. मी वर धावलो.

म्हणाली, बसनं जाते मी.

मी म्हणालो, तुला लागते. म्हणाली, लागते ना. महिनाभर रोज जाऊन बघतेय. आधी एक थांबा, मग दोन. एकदा ओकले, की उतरायचं, पाणी प्यायचं, पुढच्या बसमध्ये बसायचं. परवा सात थांब्यांपर्यंत जमलं. तिकडे जायला बत्तीस आहेत. होईल.

मी विचारले, भाजी? ती म्हणाली, अरे, भाजी तर आपल्या दारावरच येते की रोज.

मी म्हणालो, मला सांगायचं नाहीस का? ती म्हणाली, तू इतकं मन लावून केलं होतंस सगळं. म्हटलं, जमेल तुझं. जमलं असतं तर मला काय बस हवी होती होय? बोटीनंच जायचं होतं मला.

बस आली. मी पिशवी दिली. खिशात काय आहे ते बघितले तर फूटपट्टी होती. आई खिडकीशी बसली, रुमाल तोंडाला आधीच लावलेला, डोळे समोर. बस पुलावरून गेली. बसला कुठे एक सेंटिमीटरही कमी पडला नाही.

ड्रम तसेच राहिले. पाणी सोडून द्यावे असे वाटले, पण बोट इतकी सरळ बसली आहे.

२९ ऑक्टोबर

काल रात्री ९.२० ला फोन. चार वेळा उतरली, पाच बसमधून गेली, चौदा तास लागले. पोचली.

मावशी थांब्यावरच आली होती, शेजाऱ्याचा हात धरून. आई म्हणाली, मी दारातून खाली पाय ठेवला आणि ती लांबूनच ओरडली, ती बघ, ती लाल, ती माझी बहीण! मग अगदी जवळ आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून किती वेळ बघत राहिली. काय म्हणाली माहितेय? म्हणाली, किती वाळलीस गं!

आई फोनवर हसत होती. मग म्हणाली, तू जेवलास का?

हो म्हणालो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.

गेटवाल्याने चाक फिरवले. मी काठावर उभा होतो. आधी काही होतच नाही असे वाटते, मग भिंतीवर ओली रेघ दिसते, मग ती रेघ रुंद होत जाते. बोट सरळच खाली गेली. दोन्ही बाजू सारख्या. गेटवाला बघत राहिला, म्हणाला, ड्रम बरोबर लावले होतेत हो तुम्ही.

मोठे साहेब पुलावरून जात होते, खाली वाकून बघितले. म्हणाले, खुर्ची आहे रे. सोमवारी ये.

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७ वाजून ५ मिनिटे. फूटपट्टी धूत होतो.

बोट चिखलात बसली आहे. पुलाची तुळई आणि छप्पर यांमध्ये आता एक मीटर बत्तीस सेंटिमीटर जागा आहे. दोनदा मोजली. पाणी नाही.

चिखलात आपला एक ड्रम दिसतो आहे, पण तो काढायला पोहता येण्याची गरज नाही, बूट हवेत. बूट नाहीत.

बोट लाल असल्यामुळे बसमधून सगळ्यांना दिसते. लोक खिडकीतून बोट दाखवतात.

सोमवारी कामावर जाणार. निश्चय.

प्रवासाचा हिशेब, सर्व आकडे दोनदा तपासून:

एकूण अंतर २८६ किलोमीटर. झालेले, १ किलोमीटर २४० मीटर.

हातगाडी ४००. राखाडी रंग ९००. लाल रंग १,१५०. लाइफ जॅकेट दोन, १,६००. (कोरडी.) मेकॅनिक १,२००. डिझेल १,८००, पैकी वापरलेले दीड लिटर. चहा-बिस्किट, माणसे पंचवीस, ३७५.

एकूण खर्च ७,४२५.

देणे:

डेअरीवाल्याला, ड्रम एक, ३५०.

आईला, बसभाडे, पाच तिकिटे मिळून २४०. तिने मागितलेले नाहीत. नेतो असे मी म्हणालो होतो.